‘ही डझन्ट गोज’ कुठून येतं? मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणाऱ्यांना लागणारं व्याकरण

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही सहावी-सातवीला इंग्रजी शिकवता. स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आणि डी.एड.ला इंग्रजी व्याकरण वरवरच झालं. मुलं ‘ही डझन्ट गोज’, ‘आय ॲम लाइक मँगो’, ‘माय अंकल हॅज कम यस्टरडे’ असं लिहितात. चूक आहे हे दिसतं, पण का आहे हे सांगता येत नाही. म्हणून बारा काळांचा तक्ता पुन्हा पाठ करायला घेतलाय आणि भाषाशास्त्रातलं आणखी काय वाचू, असं विचारलंय.

तक्ता तूर्त बाजूला ठेवा. नियम तुम्हाला येतात. ‘ही’ आला की क्रियापदाला एस लागतो हे तुम्हाला माहीत आहे आणि त्या मुलालाही माहीत आहे, नाहीतर त्याने ‘गोज’ लिहिलंच नसतं. अडतंय ते दुसरीकडे. मुलाचं वाक्य बघून ते कुठल्या विचारातून आलं हे ओळखता येत नाही. मी बरीच वर्षं वर्गात शिकवून मग शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे आले, आणि बहुतेक ठिकाणी अडचण हीच दिसते. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा शिकवणाऱ्या आमच्या पिढीचं स्वतःचं इंग्रजी पाचवीला सुरू झालेलं होतं. हाताशी जी पुस्तकं होती त्यांत इंग्रजीचे नियम होते. मराठी बोलणारं मूल इंग्रजी वाक्य कसं जुळवतं, याबद्दल त्यांत काही नव्हतं.

तुमच्या कामाचं बरंचसं व्याकरण तुम्ही मराठीच्या तासाला आधीच शिकवता. नाम, सर्वनाम, विशेषण अशा आठ जाती इंग्रजीच्या पुस्तकातही भेटतात, आणि हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्यामुळे सांगाडा पुष्कळसा सारखा आहे. जिथे तो सारखा दिसतो पण आत वेगळं काही चालतं, तिथेच मुलं अडखळतात. तेवढ्या जागा ओळखता आल्या की तुमचं निम्मं काम झालं.

पहिली गोष्ट चुकीकडे बघण्याची. पिट कॉर्डर या अभ्यासकाने १९६७ साली एक साधा भेद मांडला. हातून घसरलेली चूक वेगळी आणि समजुतीतून आलेली चूक वेगळी. पहिली चूक मूल परत वाचताना स्वतःच दुरुस्त करतं. दुसरी त्याला दिसतच नाही, कारण त्याच्या डोक्यातल्या नियमाप्रमाणे ते वाक्य बरोबरच असतं. पुढे १९७२मध्ये लॅरी सेलिंकरने या डोक्यातल्या नियमांच्या संचाला नाव दिलं. आपण त्याला ‘मधली भाषा’ म्हणू. ती मराठी नसते आणि इंग्रजीही नसते, पण तिला तिची शिस्त असते.

मुलाच्या डोक्यात असे नियम असतात यावर विश्वास बसत नसेल तर उद्या वर्गात करून बघा. फळ्यावर एक विचित्र प्राणी काढा आणि सांगा, “हा गिपळा. आता असे दोन आहेत, तर दोन काय?” सगळा वर्ग ‘गिपळे’ म्हणेल. “याला पाणी द्या, म्हणजे कुणाला?” ‘गिपळ्याला.’ हा शब्द जगात कुणी ऐकलेला नाही, आणि सामान्यरूप म्हणजे काय हे विचारलं तर निम्मी मुलं गप्प बसतील. तरी रूप अचूक येतं. जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना असाच एक काल्पनिक प्राणी दाखवला होता, त्याचं नाव ‘वग’. दोन म्हटल्यावर मुलं ‘वग्ज’ म्हणाली. एक व्याकरण पुस्तकात असतं आणि एक डोक्यात. परीक्षेत पहिलं विचारतात, पण वाक्य लिहिताना मूल दुसरं वापरतं. ते घडतं भरपूर ऐकून आणि वाचून. नियम सांगून त्याला मदत होते, पण नियम त्याची जागा घेत नाही.

आता तुमची वाक्यं घेऊ. ‘ही डझन्ट गोज’ हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून जरा थांबून बघू. फळ्यावर मराठी वाक्यं लिहा:

तू येतोस. तू येत नाहीस.
ते येतात. ते येत नाहीत.

मुलांना विचारा, नकार आल्यावर ‘येतोस’चं काय झालं? शेपूट गळालं, नुसतं ‘येत’ राहिलं. शेपूट गेलं कुठे? ‘नाही’ला जाऊन चिकटलं, ‘नाहीस’, ‘नाहीत’. मुलांना हे स्वतः शोधू द्या, सांगू नका. मग शेजारी इंग्रजी लिहा: ही कम्स, ही डझन्ट कम. एस क्रियापदावरून उठला आणि ‘डू’वर जाऊन बसला, म्हणून ‘डझ’ झालं. ‘येत नाहीत’मध्ये आपण जे करतो तेच इंग्रजी करते. ‘येतात नाहीत’ असं कुणी म्हणत नाही, तसंच ‘डझन्ट गोज’ म्हणायचं नाही. सहावीच्या मुलाला हे समजतं, कारण यातलं निम्मं त्याचंच आहे.

पण इथेच एक खोच आहे, आणि ती शिक्षकाला माहीत हवीच. भूतकाळात मराठी असं वागत नाही. ‘ते गेले’चा नकार ‘ते गेले नाहीत’. क्रियापद भूतकाळातच राहतं, शिवाय ‘नाहीत’लाही खूण लागते. म्हणून ‘दे डिडन्ट वेन्ट’ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. ‘गेले नाहीत’ या वाक्याचा साचा ते इमानदारीने इंग्रजीत नेत असतं. वर्तमानकाळात मराठीचा आधार द्या आणि भूतकाळात तोच आधार काढून घ्या: “इथे आपली भाषा दोनदा खूण करते, इंग्रजी एकदाच करते आणि ती ‘डिड’वर करते.” प्रश्नाचंही हेच. मराठीत शेवटी ‘का’ लावलं की प्रश्न झाला, वाक्य हलवावं लागत नाही. इंग्रजीला मात्र पुढे आणायला एक सहायक क्रियापद लागतं. वाक्यात इज, कॅन, विल असेल तर ते पुढे येतं, नसेल तर ‘डू’ येतो. नकार आणि प्रश्न हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवू नका. काळाची खूण कोण वाहतंय, हा एकच प्रश्न दोन्हीकडे आहे.

‘आय ॲम लाइक मँगो’ची गोष्ट वेगळी आहे. ही चूक मराठीतून आलेली नाही, आपल्या शिकवण्यातून आलेली आहे. पहिल्या आठवड्यात आपण ‘आय ॲम अनिल’, ‘आय ॲम अ बॉय’ घोकून घेतो. मूल ‘आय ॲम’ हा एकच शब्द समजतं, त्याचा अर्थ ‘मी’. पुढे ‘मी’ आला की ‘आय ॲम’ येणारच. उपाय त्याच आठवड्यात करायचा. ‘आय लाइक’, ‘आय हॅव’, ‘आय कॅन’ ही वाक्यं सुरुवातीपासून मिसळून बोलायची, म्हणजे ‘आय’ आणि ‘ॲम’ वेगळे आहेत हे कानाला कळतं. तुमच्या वर्गात ही चूक आता घट्ट झाली असेल, तर नियम सांगून ती जाणार नाही. रोज दोन मिनिटं खोलीतल्या वस्तू दाखवून ‘आय हॅव अ पेन, आय ॲम नियर द डोअर’ अशी अदलाबदल तोंडी करून घ्या.

तिसरा उगम इंग्रजीच्या आतलाच. ‘गोएड’, ‘कॅच्ड’, ‘टू शीप्स’ अशा चुका इंग्रज मुलंही करतात. नियम सापडला आणि तो सगळीकडे लावला, एवढाच त्याचा अर्थ. या चुका दिसल्या की मी खूश होते, कारण मूल नियम बांधायला लागलेलं असतं. ‘ही’नंतरचा एस गळण्याचीही अशीच गोष्ट आहे. समजावायला तो सगळ्यांत सोपा, पण बोलण्यात जगभरच्या शिकणाऱ्यांना तो उशिराच बसतो. वहीत तो सुधारत राहा, बोलताना मुलाला त्यासाठी अडवू नका.

आता काळ. तुमचा तक्ता मला नको असण्याचं कारण असं की तो वेळ आणि क्रियापदाचं रूप यांना एकच मानायला शिकवतो. आई हाक मारते आणि आपण म्हणतो, “आलोच!” रूप भूतकाळाचं, आणि अजून आपण जागचे हललेलोही नसतो. इंग्रजीत गाडी उद्या सुटणार असली तरी ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट फाइव्ह’ चालतं. रूप एक आणि वेळ दुसरी, हे एकदा पटलं की बाकीचं सोपं होतं. मराठीच्या पुस्तकात आपण साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती असे भेद शिकवतोच. ते वेळेचे भेद नाहीत. क्रिया चालू आहे की संपली, एकदा घडते की नेहमी, याचे ते भेद आहेत. भाषाशास्त्रात काळ आणि क्रियेची अवस्था या दोन गोष्टी वेगळ्या मानतात आणि त्यांची बेरीज केली की तुमचे बारा रकाने तयार होतात. बारा पाठ करण्यापेक्षा या दोन गोष्टी समजून घेणं कमी कष्टाचं आहे.

‘माय अंकल हॅज कम यस्टरडे’ इथेच सुटतं. मराठीत ‘काका कालच आलाय’ हे अगदी शुद्ध, रोजचं वाक्य आहे. ‘आला आहे’सोबत ‘काल’ बसतो. इंग्रजीत ‘हॅज कम’ म्हटलं की बोलणारा आत्ताच्या क्षणात उभा असतो, काका आत्ता घरात आहे हे सांगत असतो. संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की त्याला ‘केम’वर यावं लागतं. मुलांना एवढंच सांगा: काल, गेल्या वर्षी, २०१९मध्ये असा शब्द वाक्यात असला की ‘हॅज’ नको.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना सर्रास सांगतात, “कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह.” हे फार महागात पडतं. ही वाक्यं बघा: सीमाने आंबा खाल्ला. सीमाने पोळी खाल्ली. सीमाने पोळ्या खाल्ल्या. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत हे सरळ ॲक्टिव्ह वाक्य आहे, ‘सीमा एट अ मँगो’. आपला प्रयोग क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाचं ऐकतं हे सांगतो. इंग्रजीचा व्हॉइस वाक्यात कर्त्याच्या जागी कोण बसलंय हे सांगतो. दोन वेगळ्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. त्यातून मुलं ‘सीमा हॅव ईटन टू मँगोज’ लिहितात, कारण दोन आंबे म्हणजे अनेकवचन, आणि मराठीत अशा वेळी आंबेच क्रियापदाला हलवतात. इंग्रजीत क्रियापद कायम कर्त्याचंच ऐकतं, कुठलाही काळ असो.

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचा प्रकार आपल्या व्याकरणात आहे, त्याला नवीन कर्मणी म्हणतात: ‘रावण रामाकडून मारला गेला’. पण बोलताना असं कोण म्हणतं? कर्ता सांगायचा नसेल तर मराठी माणूस तो सरळ गाळून टाकतो. एसटीत खिशाला हात लावून आपण म्हणतो, “पाकीट मारलं!” कुणी, ते माहीत नाही, म्हणून सांगितलंच नाही. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ती पाकिटालाच तिथे बसवते: ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’. पॅसिव्ह शिकवायची सुरुवात अशा वाक्यांपासून करा, ‘राम किल्ड रावण’ उलटं करण्यापासून नको. दहावीला वाक्य बदलायला विचारतात हे खरं, पण सातवीत कशासाठी हे कळलं असेल तर दहावीतला बदल जड जात नाही.

कर्त्याची जागा हा मुद्दा ‘मला’च्या वाक्यांतही लागतो. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला दोन भाऊ आहेत, मला आंबा आवडतो. मराठीत इथे भूक, थंडी, भाऊ, आंबा क्रियापदाला चालवतात. इंग्रजीत सगळीकडे ‘आय’ पुढे येतो आणि क्रियापद दर वेळी वेगळं, ‘ॲम हंग्री’, ‘फील कोल्ड’, ‘हॅव टू ब्रदर्स’, ‘लाइक मँगोज’. हे शब्दाला शब्द लावून जमत नाही. पूर्ण वाक्यंच जोडीने द्यावी लागतात.

आर्टिकलवर फार वेळ घालवू नका. मराठीत त्यांना जागाच नाही, त्यामुळे ती हळूहळूच येतात. एक दिशा पुरेशी आहे. गोष्ट सांगताना आपण म्हणतो, “एका गावात एक राजा होता. त्या राजाला...” पहिल्यांदा ‘एक’, ऐकणाऱ्याला ओळख झाली की ‘तो’. ‘अ’ आणि ‘द’ साधारण असेच चालतात. अपवाद पुढच्या वर्गांत येतील, तोवर आर्टिकलसाठी गुण कापणं मला योग्य वाटत नाही.

उच्चारांत मात्र आपली वर्णमाला मोठी ठेव आहे आणि आपण ती वापरत नाही. भूतकाळाच्या ‘ईडी’चे तीन उच्चार होतात: वॉक्ट, प्लेड, वॉन्टेड. मुलं सगळीकडे ‘एड’ म्हणतात, कारण ती अक्षरं वाचतात, ध्वनी ऐकत नाहीत. आता कठोर आणि मृदू व्यंजनं आठवा. क, च, ट, त, प कठोर आणि ग, ज, ड, द, ब मृदू. संधी शिकवताना ‘वाक् + देवी = वाग्देवी’ सांगतो, तिथे पुढच्या मृदू ‘द’मुळे ‘क’चा ‘ग’ होतो. इंग्रजीत हेच मागच्या ध्वनीमुळे होतं. शेवटचा ध्वनी कठोर असेल तर ‘ट’, म्हणून वॉक्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’, म्हणून प्लेड. आधीच ट किंवा ड असेल तर मध्ये स्वर घालावाच लागतो, म्हणून वॉन्टेड. अनेकवचनाच्या एसलाही हाच न्याय लागतो: कॅट्स, डॉग्ज, बसेस. गळ्यावर बोटं ठेवून ‘स्स्स’ आणि मग ‘झ्झ्झ’ म्हणायला लावा, कंप हाताला जाणवतो. ‘मजा’ आणि ‘जाळं’ यांतला ज तोंडात असल्यामुळे आपल्या मुलांना डॉग्ज म्हणताना त्रास होत नाही.

जिथे मराठी साथ देत नाही अशा दोन जागा लक्षात ठेवा. एक, शिप आणि शीप. लिहिताना आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे ठेवतो, पण बोलताना फरक जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे मुलाचा कान तो शोधतच नाही. आधी ऐकून ओळखायला लावा, म्हणायला नंतर. दुसरी, ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’. आपला व या दोघांच्या मधला आहे. पहिल्याला ओठांचा चंबू करावा लागतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवावे लागतात. आरशात बघून मुलं हे मजेत करतात.

यातलं किती आणि कधी, हे तुमच्या परिस्थितीवर आहे. एकाच खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर आठवड्याला एक मुद्दा पुरे. केंद्रप्रमुख ‘इंग्रजीच्या तासाला मराठी नको’ म्हणत असतील तर त्यांना सांगा की तीन-चार मिनिटांची तुलना मराठीत होते आणि उरलेला तास इंग्रजी ऐकण्या-बोलण्यात जातो. व्याकरण इंग्रजीतून समजावण्यात तास घालवला तर मुलांना व्याकरणही कळत नाही आणि इंग्रजीही कानावर पडत नाही. वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करा. लाल शाईने भरलेलं पान मूल वाचत नाही. तुमच्यासाठी मात्र वेगळी वही ठेवा, तिच्यात मुलांची वाक्यं जशीच्या तशी उतरवा आणि समोर लिहा: मराठीतून, इंग्रजीच्या आतून, की माझ्या शिकवण्यातून. महिन्याभरात तुम्हाला तुमच्या वर्गाचं व्याकरण दिसायला लागेल, आणि पुढच्या शिक्षण परिषदेत ती वही इतरांच्याही उपयोगी पडेल.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य. वर्गात तीन-चार मुलं कोलामी बोलणारी आहेत. वरची सगळी मांडणी मराठी घरात वाढलेल्या मुलासाठी आहे. कोलामी द्रविड कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं शेजारचं आहे, रक्ताचं नाही. त्या मुलांसाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. त्यामुळे ‘येतोस, येत नाहीस’चा आधार त्यांना आपोआप मिळणार नाही, कदाचित मराठीतच ते अडखळत असतील. म्हणून त्या दिवशी फळ्यावर तिसरी ओळ मोकळी सोडा आणि त्यांना विचारा, “तुमच्या घरी ‘तो येत नाही’ कसं म्हणतात?” ती सांगतील तसं देवनागरीत लिहून घ्या, ‘तो येतो’ पण विचारा, आणि दोन्हींत कुठला तुकडा बदलला ते त्यांनाच खडूने गोल करायला द्या.